मदत हवी आहे : बाबांच्या फुफ्फुसातली गाठ, टीबी की जंताची?

माणदेशी_पोर
बाबांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ आहे. टीबीच्या गोळ्या अडीच महिने झाल्या, फरक शून्य. आता दुसरे डॉक्टर म्हणतात हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या जंताने होणारी पाण्याची गाठ असेल, पण त्याची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. मग काय समजायचं? सोमवारी सुईने पाणी काढून बघणार आहेत. लवकर सांगा.

ओवी७
वय? ताप? थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते का? सीटी झालाय की नुसता एक्स-रे?

माणदेशी_पोर
५४. थुंकी दोनदा निगेटिव्ह, एक्स-रे बघूनच गोळ्या दिल्या. सीटी मागच्या महिन्यात. ६ सेंमीची गोल गाठ, आत पाणी. 'हायडॅटिड किंवा गळू' असं दोन्ही लिहिलंय.

बंड्या_सातारकर
आधी मटण बंद करा. माझ्या साडूचं असंच झालं होतं.

खालची_आळी
बंड्याभाऊ, मटणाचा काय संबंध? कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हातातून, भाजीतून पोटात जातात. कुत्र्याला तो जंत मेंढीचं काळीज-फुफ्फुस कच्चं खाल्ल्याने होतो. आणि अल्बेंडाझोल, जंताचं औषध, चालू करा, मेडिकलात मिळतं.

छातीवाला_डॉक
मनाने अल्बेंडाझोल नको. फुफ्फुसातली गाठ त्याने फुटू शकते. रक्त निगेटिव्ह आलं म्हणून हायडॅटिड नाही असं होत नाही. गाठ अखंड असली की आतलं रक्ताला कळतच नाही, फुफ्फुसात तर ही तपासणी बऱ्याचदा फसते. इओसिनोफिल, म्हणजे जंत असला की रक्तात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याही नॉर्मल असू शकतात. सुई मात्र थांबवा. पाणी सांडलं तर अंगावर गांधी उठून बीपी कोसळू शकतं.

खालची_आळी
पण सुईनेच तर करतात! आमच्या आत्याची गाठ तशीच काढली.

छातीवाला_डॉक
ती यकृतातली असणार. तिथे ठरावीक गाठींना सुई चालते. फुफ्फुसात ऑपरेशन. पोटाची सोनोग्राफी झाली का? यकृतातही असू शकते. घरी कुत्री-मेंढरं आहेत?

माणदेशी_पोर
मेंढरं आहेतच की, १२० आहेत. कुत्री तीन. हे काय विचारायचं असतं? सोनोग्राफी नाही केली. परवा पहाटे बाबांना जोराचा ठसका लागला, पेलाभर पाणी पडलं. खारट लागलं म्हणाले. त्यात पांढरा पापुद्रा होता, उकडलेल्या अंड्याच्या कवचाखाली असतो तसा. आईने राखेत टाकला.

छातीवाला_डॉक
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! गाठ श्वासनळीत फुटलीय. सोमवारची वाट बघू नका, आजच छातीच्या सर्जनकडे न्या, पाणी आणि पापुद्रा पडल्याचं आधी सांगा. पुन्हा पडला तर टाकू नका. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर दिसले की निदान तिथेच झालं.

माणदेशी_पोर
निघालो. गाडी बघतोय.

बंड्या_सातारकर
मेंढरं माडग्याळ जातीची आहेत का? विकायची असली तर कळवा.