लेकराला भूल दिली तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, बेळगावात. सर्जनशी सगळं बोलून झालं, पण भुलीबद्दल कुणी धड सांगत नाही. सासूबाईंचं एकच, 'भूल डोक्याला लागते.' ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी लिहा, किरकोळ वाटलं तरी लिहा.

खानापूरकर : आमच्या आईनं पहाटे उठून नातवाला चहात बटर बुडवून भरवलं. 'उपाशी पोर कसं न्यायचं?' सकाळचा नंबर गेला, दुपारी तीनला आत घेतलं. पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं, म्हणून खाणं नि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं चार तास, पाणी दोन तास. घरात सगळ्यांना सांगा, म्हाताऱ्यांना आधी.

निपाणीची आई : टॉन्सिल, मुलगी पाच वर्षांची. मास्कमधून वास दिला, हाताला सुई झोपल्यावर. इथवर छान. शुद्धीवर आली ती वेगळीच पोरगी! लाथा झाडतेय, सलाईन ओढतेय, मलाच 'तू जा' म्हणतेय. वीसेक मिनिटांनी शांत झाली आणि भडंग मागितलं. (टॉन्सिलवर भडंग!) लहान मुलांत असं होतं, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी तोवर रडून घेतलं होतं.

शहापूर, बेळगाव : सिस्टर कन्नडमध्ये विचारायच्या, 'नोवु ऐतेनु?' म्हणजे दुखतंय का? लेक नुसता बघायचा. मी म्हणायचे, ठणकतंय का चुरचुरतंय? तर 'नाही', कारण हो म्हटलं की सुई, असं त्यानं ठरवलेलं. शेवटी एकीनं हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं कार्ड धरलं. त्यानं शेवटच्या रडक्यावर बोट ठेवलं. दीड तास कळ सोसत पडला होता पोर.

ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, चिकोडी : हर्नियात भूल दिल्यावर माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, कॉडल. चारेक तास खालचं अंग बधिर राहतं, म्हणून पोर खेळत घरी जातं आणि रात्री कळवळतं. रडायची वाट बघू नका. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेलं, घड्याळ लावून द्या. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा नको. सासूबाईंना सांगा, हर्नियाच्याच तान्ह्या बाळांवर मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. तासाभराच्या आतली भूल मिळालेली मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा बुद्धीत काही फरक नव्हता. आणि बाळाला दुखत नाही म्हणणारे डॉक्टरही एकेकाळी होते. 1987 मध्ये कंवलजीत आनंद या आपल्याकडच्या डॉक्टरनं अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर दाखवून दिलं, की दुखणं नीट दाबलं तर ती ऑपरेशन जास्त चांगलं सोसतात.

धागाकर्ती : आज भूलतज्ज्ञांना भेटले. नाक वाहतंय, खोकलाही आहे, म्हणून तारीख पुढे गेली. चेहऱ्यांचं कार्ड मी वहीत काढून ठेवलंय. मुलगा त्यातल्या हसऱ्याला मिशा काढतोय.