भूप आणि देशकार हे राग कानाला वेगळे कसे कळतात?
जाणकार मंडळी, मदत हवी आहे. शास्त्रीय संगीत नुकतंच ऐकायला लागलोय. यमन, दुर्गा बऱ्यापैकी ओळखू येतात, पण भूप आणि देशकारात गाडी अडते. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर, मध्यम-निषाद (म, नि) कुठेच नाहीत. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. हे सगळं पाठ आहे, पण गाणं सुरू झाल्यावर त्या पाठांतराचं करायचं काय? आलापात, म्हणजे सुरुवातीच्या संथ विस्तारात, नेमकं काय पकडू? धैवतावरचा मुक्काम, की तिथून पंचमावर उतरायची चाल? द्रुत (जलद लयीच्या) बंदिशीत तर तानांच्या, म्हणजे भरभर घेतलेल्या स्वरांच्या, गर्दीत काहीच हाती लागत नाही. सध्या किशोरी आमोणकरांचा भूप ऐकतोय. जोडीला देशकार कुणाचा ऐकू?