कॉफी 'फिकी' म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न

वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा पहिल्याच दिवशी ठरलं की कॉफी सोडायची नाही, साखर सोडायची. घरात काही अडत नाही. बाहेर मागताना मात्र शब्द अडतो. गेल्या महिन्यात एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये मी "एक फिकी कॉफी" सांगितली. आली ती पांढुरकी, दुधाळ, आणि चांगली दोन चमचे साखर घातलेली. त्या मुलाच्या लेखी फिकी म्हणजे रंगानं फिकी, पावडर कमी घातलेली. वडिलांनी एक घोट घेतला, कप बाजूला सारला आणि नंबर लागला म्हणून तसेच उठले. मला फार लागलं ते.

तेव्हापासून विचार करतोय. दूध नसेल तर कॉफी 'कोरी'. कॉफीच कमी पडली असेल तर 'फिकी', नाहीतर सरळ 'पानचट'. आणि साखर नसेल तर? मिठाविना झालेल्या भाजीला 'अळणी' म्हणतो, मूळचं 'अलवण', एका शब्दात काम होतं. साखरेसाठी तसा शब्द आपल्याकडे का नाही? 'अगोड' चालेल का? आणि साखर अगदी बंद नाही, पण कमी, असं सांगायला तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद, नागपूर

आमच्याकडे फिका चहा म्हणजे बिनसाखरेचाच. टपरीवर "दोन फिके" म्हटलं की कोणी फिरून विचारत नाही. हिंदीचा शेजार आहे. हिंदीत 'फीका' चवीला उणा, त्यातही गोडाला उणा. तिकडे पश्चिमेला तोच शब्द रंगाकडे झुकला. तेव्हा 'फिकी' चुकीचा शब्द आहे असं कृपया ठरवू नका. शब्द बरोबर होता, गाव वेगळं होतं.

प्रतिसाद, रत्नागिरी

'कोरी'बद्दल एक सावधगिरी. कोरा कागद, कोरं कापड, तसा कोरा चहा: दुधाचा हात न लागलेला, एवढंच. साखर त्यात असतेच, आमच्या घरी तर गूळ असतो. म्हणून "कोरी द्या" म्हणून थांबू नका, साखरेचं वेगळं सांगा.

गुळावरून आठवलं. हल्ली पाट्या दिसतात, 'बिनसाखरेचा गुळाचा चहा'. शब्दाला धरून खरं आहे, पण गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. माझ्या मामीनं त्या पाटीवर भरवसा ठेवून महिनाभर रोज दोन वेळा तो चहा घेतला, आणि पुढच्या तपासणीत आकडा चढलेला निघाला. इथे 'बिनसाखरेचा' आणि 'अगोड' या दोन शब्दांतला फरक जिवाशी येतो. मला 'अगोड' जास्त प्रामाणिक वाटतो.

प्रतिसाद, कोची (मूळ सांगली)

इथे नुसतं 'विदाउट' म्हणतात. "एक कॉफी, विदाउट." काय विदाउट ते सांगावं लागत नाही, साखरच. आपल्याकडे मुंबईच्या लोकलमध्ये 'विदाउट' म्हणजे बिनतिकिटाचा प्रवासी! शब्द तोच, ज्या गावाला ज्याची चिंता जास्त, ते नाम त्यातून गळून पडतं.

प्रतिसाद, पुणे

'अगोड' शब्द चांगला आहे, पण तो कानाला तक्रारीचा लागतो. 'गोड' म्हणजे नुसती चव नव्हे. गोड बातमी, गोड गळा, "शेवट गोड झाला". त्याला 'अ' लागला की 'न आवडणारं' अशी छटा येते. पाहुण्याच्या हातात कप देताना "अगोड आहे हं" म्हणणं जड जातं.

कमी गोडासाठी मात्र आपली भाषा श्रीमंत आहे, आपणच तिचा वापर विसरलो. आवडण्याइतपत कमी गोड ते 'गोडसर'. धड गोड नाही, धड नाही असंही नाही, आणि त्यामुळे नकोसं, ते 'गुळचट'. वरच्या टोकाला 'गोडमिट्ट'. स्वयंपाकघरातलं सांगणं तर त्याहून नेमकं आहे: "साखर बेताची घाल", "साखर हात राखून घाल". माझी आजी कॉफी करताना चमचा डब्याच्या कडेला घासून सपाट करायची आणि म्हणायची, "हा झाला बेताचा." शिगेचा चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. 'लो शुगर'पेक्षा मला ते 'बेताची' जवळचं वाटतं, कारण त्यात घालणाऱ्याचा हात दिसतो.

पाकिटावरचे शब्द मात्र वेगळेच तोलावे लागतात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पेयावर 'लो शुगर' लिहायचं तर १०० मिलीमध्ये २.५ ग्रॅमच्या वर साखर चालत नाही. 'शुगर फ्री'ला ०.५ ग्रॅम. आता साध्या दुधातच १०० मिलीला साधारण साडेचार ते पाच ग्रॅम दुधातली साखर असते. म्हणजे नुसत्या दुधात केलेली बिनसाखरेची कॉफी या मापानं 'लो शुगर'सुद्धा ठरत नाही! अर्धं दूध, अर्धं पाणी केलं तर जेमतेम बसते. म्हणून दुधाच्या कॉफीला 'साखरमुक्त' कधीच म्हणू नये. 'वरून साखर न घातलेली' हे लांबलचक आहे, पण खरं आहे.

प्रतिसाद, ठाणे

दुधाचा विषय निघालाच आहे तर 'व्हाइटनर'. ऑफिसात त्या पुडीला सगळे 'दूध पावडर' म्हणतात. दूध पावडर म्हणजे सुकवलेलं दूध. डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा साखर घातलेली असते, मागे घटकांच्या यादीत दिसेल. एका सहकाऱ्यांना शुगर आहे, ते वर्षभर "मी बिनसाखरेची घेतो" म्हणत त्याच दोन पुड्या फोडत होते.

आणि 'बदाम दूध' जपून मागा. आपल्याकडे त्याचा अर्थ बदाम घातलेलं, गोड, केशरी दूध. बदाम वाटून गाळलेलं दूध हवं असेल तर 'बदामाचं दूध, साखर न घातलेलं' असं पूर्ण सांगावं लागतं. ओटच्या दुधाचंही पाहून घ्या. ते करताना पिठूळपणा फुटून त्याची साखर होते, वरून घातली नसली तरी.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नागपूरकरांचं पटलं, शब्दाला दोष देणार नाही.

घरी काय जमलं ते सांगतो, कारण त्यातही एक शब्द आडवा आला. वडिलांना अर्धं दूध, अर्धं पाणी, कॉफी नेहमीपेक्षा जरा चढी आणि साखर शून्य अशी करून दिली. म्हणाले, "गोडी नाही." दुसऱ्या दिवशी तीच कॉफी, फक्त उतरवताना सहाणेवर जायफळाचे चार वेढे उगाळून घातले आणि एक वेलदोडा ठेचून टाकला. घोट घेतला, थांबले, कपात पाहिलं आणि विचारलं, "साखर घातलीस का?" नव्हती घातली. आईनं तर डबा उघडून खात्री केली.

जायफळ गोड नाही. नुसतं जिभेवर ठेवलं तर कडवट, तिखटच लागतं. पण बासुंदी, श्रीखंड, पुरण, सगळ्यांत आपण त्याचा वास गोडाबरोबरच घेतला. आता वास आला की जीभ गोड धरून चालते. दालचिनीनं तसं झालं नाही. पूड वर तरंगली, बुळबुळीत झाली, आणि वडिलांना ती मसालेभाताची वाटली. ज्या घरात दालचिनी केकात पडते तिथे कदाचित ती गोड वाटत असेल.

म्हणून मला वाटतं, वडील 'गोड नाही' न म्हणता 'गोडी नाही' म्हणाले ते नेमकं होतं. गोड साखरेनं होतं. गोडी दुसऱ्या वाटेनंही येते.

प्रतिसाद, रत्नागिरी

तुमच्या 'अळणी'वरून: कोऱ्या कॉफीत मिठाचे चार कण टाकून पाहा, खारट लागता कामा नये इतकेच. कडवटपणा दबतो आणि साखरेची आठवण कमी होते. वडिलांना रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ता

रक्तदाब नाही. काल करून पाहिली, पण त्यांना जायफळाचीच हवी आहे. आज पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो होतो. कँटीनमध्ये तोच मुलगा होता. "साखर अजिबात नको, दूध रंगापुरतं, कॉफी कडक," असं सांगितलं. त्यानं मागे वळून आवाज दिला, "काकांची एक, साखर नाही!" वडिलांनी कप रिकामा केला.