ईम गाव आणि तिथलं चर्च: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या ईम गावाला आईबाबांना घेऊन जायचं आहे. दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात.

1665 च्या सप्टेंबरात लंडनहून आलेल्या कापडाबरोबर या गावात प्लेग शिरला, असं सांगतात. पहिला बळी शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स. पुढच्या जूनमध्ये गावच्या चर्चचे रेक्टर (धर्मगुरू) विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांनी (दोघांची धार्मिक मतं वेगळी होती, तरीही!) गावाला वेस न ओलांडण्यासाठी राजी केलं. शेजारच्या गावांनी सीमेवर धान्य ठेवायचं, इथल्यांनी दगडाच्या खळग्यात व्हिनेगरमध्ये पैसे. सेंट लॉरेन्स चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर, ककलेट डेल्फच्या घळीत होऊ लागल्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. हे आईला वाचून दाखवलं तेव्हापासून तिला त्या कबरी बघायच्याच आहेत.

रायली ग्रेव्ह्जपर्यंत (म्हणजे हॅनकॉक कुटुंबाच्या त्या कबरींपर्यंत) गाडी कितपत जवळ नेता येते? शेवटची चढण वयस्कर माणसांना झेपेल का? ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेगच्या स्मरणार्थ प्रार्थना असते, तेव्हा बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का, की गर्दी टाळून आधी जावं? चर्चच्या आवारात मॉम्पेसनची पत्नी कॅथरीनची कबर आणि सॅक्सन काळातला क्रॉसही आहे. ते नीट समजावून सांगणारं तिथे कुणी भेटतं का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.