उपाशीपोटी बीपीपीत बाळाचा श्वास नाही: दोष साखरेचा?

रेसिडेंट३२: ३२ आठवड्यांची गर्भवती, आई रात्रीपासून उपाशी. बीपीपीत (सोनोग्राफीनं पोटातल्या बाळाची तब्येत बघून गुण देणारी तपासणी; चार गोष्टींना प्रत्येकी २ गुण) हालचाल, टोन (स्नायूंचा ताण), गर्भजल ठीक. ३० मिनिटांत श्वासाची (छातीच्या श्वासासारख्या हालचालीची) एकही फेरी नाही, म्हणून ६/८. ग्लुकोज पाजून लगेच पुन्हा बघावं का? बबून माकडांत साखरेचा परिणाम वेगळा कसा काढतात?

गर्भलहरी: लगेच बघून उपयोग नाही. जेवणानंतर श्वास वाढतो तो दुसऱ्या-तिसऱ्या तासात. साखर वारेतून (प्लासेंटातून) जास्तीकडून कमीकडे अशी बाळाकडे जाते, बाळ ती जाळतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि श्वसनकेंद्र चाळवतं, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. या साखळीला वेळ लागतो.

शिवाय ३० आठवड्यांनंतरही बाळ जेमतेम ३० टक्के वेळ श्वास घेतं. निरोगी बाळही तास-दोन तास थांबू शकतं. आधी एनएसटी (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) करा. वाढ खुंटलेली किंवा पाणी कमी असेल, तर साखरेची वाट न बघता डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी).

उलटी चूकही होते. डिप्सीचे (गरोदरपणातल्या मधुमेहाच्या चाचणीचे) ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तासा-दीड तासानं सोनोग्राफी केली, श्वास भरपूर दिसला, म्हणून वार उत्तम, असं लिहू नका.

प्राणिशाळा: बबूनमध्ये गर्भाच्या श्वासनलिकेतल्या दाबातून गर्भजलाचा दाब वजा करायचा. नाहीतर आईचा खोकलाही श्वास म्हणून मोजला जातो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नोंदी धरू नयेत, भुलीनं श्वास दबतो. माकडाला धरलं की घाबरून त्याची साखर चढते, म्हणून जॅकेट घालून लांब नळीतून रक्त घ्यायचं.

किलोला ०.५ ग्रॅम ग्लुकोज धरलं तर १५ किलोच्या मादीला ७.५ ग्रॅम, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) ३० मिली. दुसऱ्या दिवशी तुलनेसाठी तितकंच बिनसाखरेचं सलाइन, पण त्याच वेळी. माणसात पहाटे ४ ते ७ श्वास वाढतो, आई झोपलेली आणि उपाशी असतानाच! वेळ बदलली की घड्याळाचं श्रेय साखरेला जातं. डोस फार वाढवूही नका: मेंढीच्या गर्भात जास्त साखरेनं ऑक्सिजनचा खप वाढतो, आणि ऑक्सिजन घटला की श्वास थांबतो.

रेसिडेंट३२: बीटामेथासोनचा (बाळाची फुप्फुसं पिकवायला आईला देतात ते स्टेरॉइड) पहिला डोस काल सकाळी झालाय.

गर्भलहरी: हे आधी सांगायचं ना! स्टेरॉइडनं दोनेक दिवस बाळाचा श्वास आणि हालचाल मंदावते, साधारण चौथ्या दिवशी पूर्ववत होते. त्याच काळात आईची साखर उलट चढलेली असते. ग्लुकोज पाजू नका. साखर तपासा, एनएसटी घ्या, उद्या पुन्हा बीपीपी.