आयुष्मान कार्ड घेणारा फॅमिली डॉक्टर सांगली-कुपवाडमध्ये आहे का?

कुपवाडचा_मोल्डर

आईचं वय ७१, बीपी आणि शुगर दोन्ही. दिवाळीनंतर जतकडनं कायमची माझ्याकडं आली. तिचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. शिबिरातला पोरगा म्हणाला, "मावशी, आता पाच लाखांपर्यंत काळजी नाही." त्या आनंदात आईनं वीस रुपये देऊन कार्डाला लॅमिनेशन केलं आणि रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं.

परवा घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटंसुलटं बघितलं, "हे इथं चालत नाही, दीडशे रुपये," म्हणाली. आई तिथनं उठूनच निघाली. आणखी दोन ठिकाणी विचारलं, तीच तऱ्हा.

खरी अडचण पुढं आहे. औषधाला महिन्याला हजारभर जातात, म्हणून आई गोळी दिवसाआड खाते. मला पत्ताच नव्हता. महिना संपला तरी पट्ट्यांत अकरा गोळ्या शिल्लक, तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणते, "बरं वाटतंय तर कशाला खायची?"

मला मोठं हॉस्पिटल नकोय. तिला तोंडओळखीनं बघणारा, पायाची सूज दाबून बघणारा, नेहमीचा एक डॉक्टर पाहिजे, जो हे कार्ड घेईल. विश्रामबाग, मिरज, कुठंही चालेल.

मिरजेतला_मेडिकलवाला

असा डॉक्टर सापडायचा नाही, त्यापायी खाडे पाडू नका. हे कार्ड ॲडमिट झाल्यावर चालतं. नुसतं तपासून चिठ्ठी लिहून देणं त्यात बसतच नाही, त्यामुळं त्या काउंटरवरच्या मुलीवर राग धरू नका.

माझ्याच गल्ल्यावर पाय देतोय, पण सांगतो. डॉक्टरांना चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असल्या रोजच्या गोळ्यांत बिल निम्म्याच्याही खाली येतं. आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासून गोळ्या फुकट देतात. तिथं एकदा नाव घातलं की दर महिन्याला जायचं. साठा कधी कमी असतो, म्हणून जुनी पट्टी संपायच्या आठवडाभर आधीच जा.

दिवसाआड गोळीचं मात्र आजच थांबवा. बीपी वाढलेलं असताना बरंच वाटत असतं.

टेबल_नंबर_चार

मी काही वर्षं हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र म्हणून बसत होतो. सर्दी-खोकल्याला कार्ड घेऊन आलेली माणसं रोज परत पाठवायला लागायची, आणि बोलणी मी खायचो. कार्ड काढताना कुणी धड सांगतच नाही.

पण कार्ड टाकून देऊ नका. वय वंदना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, त्यात ७० पूर्ण झालेल्यांचं उत्पन्न बघत नाहीत. शिवाय रेशन कार्डावर राज्य सरकारची महात्मा फुले योजना आहेच. ॲडमिट करायची वेळ आली तर डिपॉझिट भरायच्या आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. "तुमच्याकडं योजना आहे का?" एवढंच विचारून थांबू नका, "या आजाराला आहे का?" असं विचारा. एखादं हॉस्पिटल नुसत्या हाडांसाठी योजनेत असतं, हृदयासाठी नसतं, आणि बोर्ड मात्र दारावर एकच. रात्रीअपरात्री तातडीचं असेल तर फोनवरून कळवूनही उपचार सुरू करता येतात. योजनेचा १५५३८८ हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

व्हाउचर

सगळे आईचंच कार्ड बघताय. भाऊ, तुम्ही मोल्डर ना? पगार किती, आणि स्लिपवर ईएसआय कापलेलं दिसतंय का?

कुपवाडचा_मोल्डर

ग्रॉस १७,४००. स्लिप आत्ता काढून बघितली. ईएसआय १३१ रुपये. पीएफसारखं काहीतरी असेल म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

व्हाउचर

मग तुम्ही जे शोधताय ते तुमच्या खिशातच आहे. मी एका कारखान्यात पगार काढतो. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. सरकारी विम्यात साधी तपासणी आणि रोजची औषधं मिळतात ती इथं. ईएसआयचा दवाखाना किंवा पॅनेलचा डॉक्टर तुमच्या नावावर लावून देतात, फी नाही.

तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही त्यात बसतात, त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत पाहिजे. फक्त कुटुंबाच्या यादीत आईचं नाव पाहिजे. नव्वद टक्के कामगार नोकरीला लागताना फॉर्मवर बायकोचं नाव टाकतात आणि आई राहून जाते. ईएसआयचं ई-पेहचान कार्ड काढून बघा. वय वंदना कार्ड ईएसआय असलं तरी चालतं, एकामुळं दुसरं जात नाही.

कुपवाडचा_मोल्डर

बघितलं. बायको आहे, पोरगी आहे, आई नाही. तीन वर्षं पैसे कापतायत आणि मी बाहेर दीडशे-दीडशे देत बसलोय. सोमवारी टाइम ऑफिसला गेलो. क्लार्क म्हणाला, आईचं आधार आणि फोटो आणा, ऑनलाइन चढवतो, मग दवाखाना कुठला ते कळेल. तोपर्यंत महापालिकेच्या केंद्रातनं महिन्याच्या गोळ्या आणल्यात. बीपी १६०/९४ निघालं. तिथल्या सिस्टरनी आईला बरंच झापलं, आणि माझं न ऐकणारी आई त्यांच्यापुढं मान डोलवत होती.

एक शंका. आईला श्रावणबाळ पेन्शनचे महिन्याला दीड हजार येतात. ते उत्पन्नात धरलं तर नाव अडेल का?

व्हाउचर

धरलं तरी नऊ हजारांच्या कितीतरी खालीच. बिनधास्त चढवा. फोटोत चष्मा काढायला सांगा, आमच्या इथं एकदा त्यावरनं परत आला होता.