इंजिनं उशिरा का आली?
तेजस या आपल्या लढाऊ विमानाची इंजिनं जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकी कंपनीने मुद्दाम अडवून धरली, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला पटत नाही. उशीर झाला हे खरंच. पण असं म्हणताना आपल्या बाजूची दिरंगाई मांडली जात नाही. तेजससाठीच्या आधीच्या ६५ एफ-४०४ इंजिनांचा पुरवठा २०१६ पर्यंत संपला. पुढची मागणीच नाही म्हणून कंपनीने त्या प्रकाराचं उत्पादन थांबवलं. तेजस बनवणाऱ्या एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) ९९ इंजिनांचा, ५,३७५ कोटींचा करार केला तो थेट ऑगस्ट २०२१ मध्ये. मधल्या पाच वर्षांत बंद पडलेलं काम, सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांसकट, पुन्हा उभं करावं लागलं. पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये.

म्हणूनच आधीची ९९ हातात पडायच्या आत, नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ११३ इंजिनांचा करार झाला याचं मला फार बरं वाटलं.